वीस लिटरची बकेट

कन्नड तालुक्यातल्या पिशोरच्या शिवारात ट्रॅक्टरचं ऑईल बदलायला गॅरेज शोधत फिरणारा माणूस सहसा भेटत नाही. मीटरवर अडीचशे तास भरत आले की एखाद्या रिकाम्या सकाळी ट्रॅक्टर लिंबाखाली उभा राहतो, खाली घमेलं सरकवलं जातं आणि चेंबरचा नट फिरवला जातो. त्याचं कोणाला नवल वाटत नाही. तोच माणूस चारचाकी घेऊन त्याच हातांनी तिच्याखाली शिरला, की मात्र घरात कुरकुर सुरू होते. शोरूमला न्या, एवढी लाखांची गाडी घेतली आणि हजारासाठी कशाला जीव टाकता, वगैरे.

पुढचा संवाद अशाच कुरकुरीतून निघालेला. मामा अद्रक आणि मका करतात, ट्रॅक्टर वर्षानुवर्षं स्वतः सांभाळतात, आणि आता त्यांनी सेकंडहँड पण बीएस-सिक्स अशी डिझेल एसयूव्ही घेतली आहे. भाची पॉलिटेक्निकची मेकॅनिकलवाली, वाळूजला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. एकाला हाताचा भरवसा, दुसरीला कागदाचा. एकाला यंत्र कळतं आणि दुसऱ्याला कळत नाही, असा हा वाद नाही. दोघांनाही कळतं, म्हणून तर तो लवकर मिटला नाही. मी बाजेवर बसून ऐकत होतो आणि मधे तोंड घालायचा मोह मला आवरता आलेला नाही.

भाची : मामा, ही बकेट कशाला बाहेर काढली?

मामा : गाडीचं ऑईल बदलू राह्यलो. वीस लिटरची बकेट व्हती, ट्रॅक्टरला टाकून निम्मी उरली. गाडीला लागतं पाच-सहा लिटर. घरात असताना नवं कामून आनायचं?

भाची : आधी गाडीखालून बाहेर या. हे पंधरा-चाळीस आहे ना?

मामा : हाय की. चांगल्या कंपनीचं हाय. सील म्या सोता फोडलं. डुप्लिकेट नाई.

भाची : कंपनीबद्दल वादच नाही. ट्रॅक्टरला हे ऑईल उत्तम. तुमच्या गाडीच्या बुकात पाच-तीस लिहिलंय, आणि त्याच्यापुढे कमी राखेचं ऑईल पाहिजे असा वेगळा दर्जा लिहिलाय. पहिला आकडा गार इंजिनात ऑईल किती पातळ राहतं त्याचा, दुसरा तापल्यावरचा. तुम्ही डब्यावरचा ब्रँड वाचता. मी मागची बारीक अक्षरं वाचते.

मामा : बारीक अक्षरं तर औषधाच्या बाटलीवरबी असत्यात. ऑईल म्हंजे ऑईल. महा बाप विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन चालवायचा. त्याला कोन्ता दर्जा अन् कोन्तं बुक? गार करायला विहिरीचंच पानी सोडायचा त्याच्यातून. तीस वर्सं चाललं ते इंजिन.

भाची : चाललं, कारण ते तसंच बनवलं होतं. मिनिटाला हजार-दीड हजार फेरे, जाडजूड ओतीव लोखंड, आणि धूर काय निघतो ते विचारणारं कोणी नव्हतं. तुमच्या या गाडीत टर्बो आहे. त्याची पाती मिनिटाला लाखाच्या वर फिरते आणि तिचा दांडा ऑईलच्या पापुद्र्यावर तरंगतो. शिवाय सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ आहे, धुरातली काजळी अडवणारी जाळी.

मामा : जाळी साफ करता येत नाई का?

भाची : गाडी स्वतःच साफ करते. मोठ्या रस्त्याला लागली की जाळी तापवून काजळी जाळते. पण ऑईलमध्ये जी धातूंची रसायनं असतात, त्यांची राख होते आणि ती राख जळत नाही. तुमच्या बकेटीतल्या ऑईलमध्ये ती जास्त. इंजिन थोडं थोडं ऑईल जाळतंच, तेवढी राख जाळीत जाऊन बसते. एका दिवसात काही होणार नाही. तुम्ही म्हणाल, बघ, काही झालं का? आणि एक दिवस जाळी चोंदेल. नव्या जाळीची किंमत ऐकली तर ही बकेट तुम्ही विहिरीत टाकाल.

मामा : विहिरीत नाई टाकणार. ऑईल हाय ते.

(भाचीचं म्हणणं इथे बिनतोड आहे. भारतात बीएस-सिक्स हे धुराचे नियम एप्रिल 2020 पासून लागू झाले आणि तेव्हापासून डिझेल गाडीचं ऑईल ही दुकानदाराला विचारून घ्यायची गोष्ट राहिली नाही. तो सवयीने त्याच्याकडे जास्त खपणारा डबा काढून देतो, आणि गावाकडे जास्त खपतो तो ट्रॅक्टरचाच.)

भाची : आणि गेज काढून बघता ना दर आठवड्याला?

मामा : ते तर रोज. गेज पुसायचं, बुडवायचं, पाह्यचं. आता तर ऑईल कमी बी होईना. उलट जरासं वाढल्यावानी दिसतंय. गाडी चांगली निघाली.

भाची : वाढलं? मामा, ऑईल वाढत नसतं. त्यात डिझेल उतरलंय. तुम्ही घर ते शेत, शेत ते स्टँड एवढीच गाडी फिरवता. जाळी साफ करायला गाडी जादा डिझेल सोडते, तेवढ्यात तुम्ही इंजिन बंद करता, मग न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये. म्हणून मी म्हणते, किलोमीटर भरले नसले तरी आता बदलायलाच हवं.

मामा : (बोटावरचा थेंब हुंगत) डिझेलचा वास येतोय खरा.

मामा गप्प झाले, असं मात्र कोणी समजू नये. त्यांनी फक्त वाट बदलली.

मामा : बरं, ऑईल तुव्ह्या बुकातलं आनू. स्टँडवर मिळंल, नाई तर कन्नडहून मागवू. पर बदलनार म्या. इथंच.

भाची : सर्व्हिस सेंटरला का नको?

मामा : तिथं काचेच्या अलीकडं बसवत्यात. चहा देत्यात, टीव्ही लावत्यात. पलीकडं पोरगं काय करू राह्यलं, ते दिसत नाई. मागच्या गाडीच्या टायमाला एका गॅरेजवाल्यानं पान्याला पाईप घालून चेंबरचा नट आवळला. थ्रेड गेले. मला कळलं कवा? पुढच्या खेपेला, म्या नट काढला तवा. बिलावर काय लिव्हलं व्हतं? ऑईल चेंज, ओके. जे म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं नाई, ते ओके कसं म्हनू?

भाची : प्रत्येक ठिकाणी असं नसतं.

मामा : प्रत्येक ठिकानी कसं असतं, ते तुला तरी कुठं ठाऊक हाय? तू बी काचेच्या अलीकडंच बसती ना?

(ही कोपरखळी भाचीला लागली. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-शेंद्र्याच्या पट्ट्यात गाड्या आणि गाड्यांचे भाग बनवणारी हजारो माणसं राहतात. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 चा आहे. 2010 साली याच शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि देशभर चर्चा झाली. पण आपल्याच गाडीचं बॉनेट उघडून गेज काढणारे त्या शहरात किती असतील, याची मला शंका आहे. दिवसभर भाग बनवणारा माणूसही रविवारी गाडी सर्व्हिसिंगलाच सोडतो.)

भाची : मग वॉरंटीचं काय? तुमची गाडी अजून वॉरंटीत आहे. उद्या इंजिनाला काही झालं तर कंपनी विचारेल, सर्व्हिस कुठे केली.

मामा : हा तर धाक झाला. घरी हात लावला की वॉरंटी गेली म्हनं.

भाची : धाकच आहे, ते मान्य करते. 2014 च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू द्यायची नाही आणि बाहेर काम केलं तर वॉरंटी नाकारायची, असा ठपका होता. पुढे अपिलं झाली, तो भाग वेगळा. 2022 च्या डिसेंबरात सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही काढलं. त्यात गाड्या आहेत आणि शेतीची अवजारंही आहेत.

मामा : मंग झालं की!

भाची : झालं नाही. हक्क आहे म्हणून पुरावा लागत नाही, असं थोडंच आहे? ऑईलचं पक्कं बिल ठेवा, फिल्टरचा खोका ठेवा, तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा, मोबाईलवर फोटो काढा. भांडायची वेळ आली तर हातात काही तरी पाहिजे. आणि तरी माझा सल्ला हाच की वॉरंटी संपेपर्यंत त्यांच्याकडे करा.

मामा : अद्रकीचा हिशेब लिव्हतो, हा बी लिव्हीन. वॉरंटीच्या भ्यावानं गाडीखाली जायचं सोडनार नाई.

ऑईल कन्नडहून आलं. डब्यावरची बारीक अक्षरं भाचीने वाचली, बुकाशी ताडून पाहिली आणि मान हलवली. मग जे झालं ते मी जवळून पाहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय या वादातली मामांची बाजू पुरी होत नाही.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं. ऑईल कोमट झालं की सरसर उतरतं आणि तळाची घाण बरोबर घेऊन येतं. फार तापवलं तर हात भाजतो. गाडी फरशीच्या सपाट जागेवर, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड. ही गाडी उंच आहे, जॅक लावायची गरजच नव्हती. मामा गोणपाट टाकून पाठीवर आत सरकले. बुटकी गाडी असती तर भाचीने त्यांना जाऊ दिलं नसतं. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली किंवा विटांच्या थप्पीवर टेकवलेल्या गाडीखाली शिरू नये, एवढ्यापुरतं दोघांचं एकमत आहे.

नट गोटीने ढिला केला आणि शेवटचे आटे बोटांनी फिरवले. फिरवताना नट वर दाबून धरला होता, म्हणजे तो एकदम सुटून ऑईलची धार मनगटावरून कोपराकडे येत नाही. मग हात झटकन बाजूला, आणि काळी जाड धार घमेल्यात. डिझेलचं ऑईल काळं होणारच, काजळी पोटात धरून ठेवणं हे त्याचं कामच. मामांनी नटाचं टोक रुमालावर पुसून उजेडात धरलं. लोखंडाचा कीस आहे का ते पाहत होते. नव्हता. वॉशर जुना होता, तो फेकला आणि नवा घातला. फिल्टर चेन-पान्याने सोडवला आणि लगेच त्याच्या तोंडाची रबरी रिंग फिल्टरबरोबर आली की इंजिनालाच चिकटून राहिली, हे बोट फिरवून तपासलं. जुनी रिंग वर राहिली आणि तिच्यावर नवी बसली तर गाडी सुरू होताच सगळं ऑईल रस्त्यावर जातं. नव्या फिल्टरच्या रिंगला ऑईलचं बोट लावलं, हाताने आवळत नेला, रिंग टेकली तिथून फिल्टरवर छापलेल्या खुणेइतकाच पुढे. पाना लावला नाही.

भाची : (हळूच, मला) एवढं नीट आमच्या लाईनवरही कधी कधी होत नाही.

ती मामांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हे बोलली नाही, याची नोंद मी करून ठेवतो.

नवं ऑईल आधी थोडं कमीच ओतलं, मिनिटभर इंजिन चालवलं, दहा मिनिटं थांबले, गेज पाहिलं, मग उरलेलं. गेजच्या दोन खुणांच्या वर जाऊ द्यायचं नाही. जास्त ऑईल फेसाळतं आणि नुकसान कमी ऑईलइतकंच होतं.

मामा : आता हे पाह्य. ही निळ्या टोपणाची टाकी. पंपावर इचारलं तर म्हन्ला, युरियाचं पानी टाकायचं. म्या म्हन्लं, युरिया तर आपल्याकडं गोनीनं पडलाय. दोनशे सहासष्ट रुपयाला पंचेचाळीस किलो. घरीच कालवू.

भाची : मामा!

मामा : काय झालं? युरिया तो युरिया.

भाची : टाकीत शुद्ध युरिया साडेबत्तीस टक्के आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. तुमच्या गोणीतला खताचा युरिया. 2015 पासून देशातल्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं आवरण द्यावं लागतं. ते तेल, त्यातली बाकीची अशुद्धता आणि तुमचं बोअरचं पाणी, असं सगळं धूर साफ करणाऱ्या त्या यंत्रणेत गेलं तर इंजेक्टर आणि आतला कॅटॅलिस्ट दोन्ही बसतील. शिवाय तो सबसिडीचा युरिया आहे. तो शेतीलाच वापरायचा असा कायदा आहे.

मामा : म्हंजे माही गाडी, माहा युरिया, अन् तरी गुन्हा!

भाची : कॅन विकत मिळतो. सीलबंद घ्या आणि ओता. ओतायचं काम तुम्हीच करा, त्याला माझी काहीच हरकत नाही.

(युरियाच्या बाबतीत मामांची बाजू घेणारा मला तरी कोणी भेटणार नाही. पण त्यांची चूक कुठून येते, ते पाहा. ज्याच्या घरात युरियाची गोणी आहे, पाण्याची बोअर आहे आणि डिझेलची टाकी आहे, त्याला वाटतंच की गाडीला लागणारं सगळं घरात आहे. गाडी मात्र ही नावं तेवढी तीच ठेवून आतला माल दुसरा मागते.)

बोअरचा विषय निघाला तसा कूलंट आलाच.

मामा : कूलंट म्हंजे हिरवं पानी. ट्रॅक्टरच्या रेडिएटरला म्या आजवर नळाचंच टाकलं.

भाची : म्हणून तो उन्हाळ्यात नांगरटीला तापतो. आपल्या बोअरच्या पाण्याने पातेल्याला कसा पांढरा थर बसतो? तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. थंडीत गोठू नये म्हणून नाही, आपल्याकडे कुठे गोठतंय? ते उशिरा उकळतं आणि आत गंज धरू देत नाही, म्हणून. आणि गरम रेडिएटरचं टोपण उघडायचं नाही.

मामा : ते मला नको सांगू. टोपन उघडल्यावर तोंडावर वाफ आलेले दोन जन गावात हायेत.

भाची : आणि काढलेलं कूलंट अंगणात सांडायचं नाही. चवीला गोड असतं. कुत्री, मांजरं चाटतात आणि मरतात. शेरडं आहेत तुमची.

मामांनी यावर काही युक्तिवाद केला नाही. शेरडांचा प्रश्न होता.

खरी खडाजंगी झाली ती ब्रेकवरून.

मामा : आता हाताला हात लागलाच हाय तर ब्रेक ऑईल बी बदलून टाकू. जुन्या जीपचं म्या कित्येकदा केलंय. पोराला सीटवर बसवायचं. पंप मार, पंप मार, आता दाबून धर. चाकाचा निप्पल ढिला करायचा, हवा निघाली की आवळायचा. लांबच्या चाकापासून सुरू करायचं.

भाची : पद्धत बरोबर सांगितलीत. तरी नाही.

मामा : कामून नाई? ऑईल करू दिलं, हे कामून नाई?

भाची : ऑईल चुकलं तर इंजिन जातं. ब्रेक चुकला तर माणूस जातो. मी रोज ब्रेकचे भाग मोजते मामा, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाने चुकलेला भाग मी बाजूला टाकते. आणि इथे तुम्ही अंगणात, पोराच्या पायाच्या अंदाजाने? तुमच्या गाडीत एबीएस आहे. त्याच्या डब्यात हवा अडकली तर पंप मारून निघत नाही, काही गाड्यांत कॉम्प्युटर जोडून ते आतले व्हॉल्व उघडावे लागतात. पेडल वर कडक लागेल आणि गरजेला खाली बसेल.

मामा : म्हंजे बदलायचंच नाई?

भाची : बदलायचंच! उलट सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच. दर दोन वर्षांनी. ब्रेकचं ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट-थ्री कोरडं असताना 205 अंशांना उकळतं. त्यात साडेतीन-चार टक्के पाणी शिरलं की 140 ला. डॉट-फोर 230 वरून 155 ला येतं. बाटली उघडून वर्षभर कपाटात ठेवली असेल तरी तिच्यात पाणी शिरलेलं असतं. आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही चाळीसगावला लग्नाला चाललात ना, औट्रम घाटातून?

मामा : घाट काय आज पाह्यला का म्या? आता तर मोठे ट्रक बी बंद केलेत हायकोर्टानं. 2023 पासून घाट मोकळा हाय.

भाची : मोकळा घाट म्हणजे लोक जास्त जोरात उतरतात. पूर्ण उतारभर पेडलवर पाय ठेवून. डिस्क तापते, तिची उष्णता कॅलिपरमधून ऑईलला लागते. ऑईलमधलं पाणी उकळून वाफ होते. ऑईल दाबलं जात नाही, म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता आणि दाब चाकापर्यंत पोचतच नाही.

मामा : म्या घाट दुसऱ्या गिअरमधी उतरतो. ब्रेकला पाय नुसता टेकवतो.

भाची : ते शंभर टक्के बरोबर. पण गाडी परतीला कोण चालवणार? दादा. त्याला दुसरा गिअर माहीत आहे का?

मामा : (थोडं थांबून) तो न्यूट्रल करतो. डिझेल वाचतं म्हन्तो.

इथे बाजेवरून मीही बोललो, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटर सोडलेला असताना, डिझेल जवळजवळ पूर्ण बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलने ब्रेकही जातो आणि डिझेलही.

मामा : ते तूच सांग त्याला. महं तो ऐकत नाई.

भाची : ब्रेकचं उद्या कन्नडला करून घ्या. पण काचेच्या अलीकडे बसू नका. उभे राहा. नवी बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा, पॅड किती उरलेत ते काढून दाखवायला सांगा.

मामा : हे जमंल. ऑईल महं, ब्रेक त्यांचा, नजर माही.

मामांनी वाटणी अशी एका दमात करून टाकली. मला विचाराल तर गिअर ऑईलही घरी करायला हरकत नाही. पन्नास-साठ हजार किलोमीटरनंतरचं काम, आणि एकच खबरदारी मोठी की खालचा नट सोडण्याआधी वरचा, भरायचा नट सुटतो का ते पाहावं. तो अडकलेला असला आणि खालून सगळं उतरून गेलं तर गाडी जागची हलत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या वाटेला मात्र घरी जाऊ नये. असो. घमेलं भरलेलं तसंच होतं.

भाची : हे कुठे टाकणार?

मामा : टाकतंय कोन? अर्धं नांगराच्या फाळाला, पावसाळ्यात गंज नाई धरत. थोडं दाराच्या चौकटीला, वाळवी येत नाई. बाकीचं सेंट्रिंगवाला नेतो, फळ्यांना लावायला. कधी पोरं कुत्र्याच्या खरजंला लावत्यात.

भाची : कुत्र्याला अजिबात नको, ते चाटतं. आणि तुम्ही स्वतः हात असे उघडे बुडवू नका. जळक्या ऑईलमध्ये कॅन्सर करणारी रसायनं असतात. जमिनीत मुरलं की विहिरीला जातं. एका गाडीच्या एका वेळच्या ऑईलने लाखो लिटर पाणी नासू शकतं, असं अमेरिकेतली पर्यावरणाची सरकारी संस्था सांगते. पलीकडे अंजना-पळशीचं धरण आहे.

मामा : मंग काय करायचं ते सांग.

भाची : कायदा आहे. जळकं ऑईल हा घातक कचरा, 2016 च्या नियमांत. 2023 मध्ये त्यात भर घातली. 1 एप्रिल 2024 पासून ऑईल बनवणाऱ्या कंपन्यांवरच जबाबदारी आहे की जुनं ऑईल गोळा होऊन त्याचं पुन्हा शुद्ध ऑईल व्हावं.

मामा : लय चांगलं. पिशोरात कोन येतं न्यायला?

भाची : ...परवानगी असलेले लोक असतात. आमच्या कारखान्यातून नेतात.

मामा : तुव्ह्या कारखान्यातून नेत्यात. मह्या घरून कोन नेतं? कन्नडच्या गॅरेजात दिलं तर ते ड्रमात टाकतील, अन् ड्रम भंगारवाला नेईल. तो कुठं देतो? ईटभट्टीला. मंग धूर झाला. सेंट्रिंगवाला बरा म्हनायचा, निदान फळीला तर लावतो.

भाची : मी कॅन घेऊन वाळूजला नेऊ शकते.

मामा : अन् तिथं?

भाची : (विचार करून) तिथे नाही जमणार. आमच्याकडे लिटर लिटरची नोंद असते. किती निघालं, किती दिलं. बाहेरचं पाच लिटर मी कुठल्या रकान्यात दाखवू?

(इथे कागदवालीचा कागद संपला. शहरातलं सर्व्हिस सेंटर घरच्या अंगणापेक्षा चांगलं ठरत असेल तर ते पान्यामुळे नाही, या ड्रममुळे. त्यांना तो कोणाला तरी द्यावा लागतो आणि लिहावा लागतो. गावात मात्र घरी बदललं काय किंवा गॅरेजात बदललं काय, शेवटचे पाच लिटर बेवारस. नियमाने कंपनीला जबाबदार धरलंय. कंपनीचं ऑईल विकणारा दुकानदार स्टँडवर आहेच. त्यानेच रिकामा डबा भरून परत घ्यावा, एवढं साधं कोणाला सुचत कसं नाही, हे मला कळत नाही.)

भाची : सध्या त्याच रिकाम्या डब्यात भरा. टोपण घट्ट. वर तारीख लिहा आणि सावलीला ठेवा, पाणी मिसळू देऊ नका. कूलंट त्यात ओतू नका, मिसळलेलं कोणी शुद्ध करत नाही.

मामा : ठेवतो. आज एक डबा. पुढल्या महिन्यात ट्रॅक्टरचा. दिवाळीपर्यंत ओसरीला दुकान होईल मामीचं. अन् सेंट्रिंगवाल्याचा फोन आला तर?

भाची : नाही म्हणायचं.

मामा : तो पैसे देतो.

भाची : किती देतो?